एक वाटी फोडी

मोजमापास वश होण्याच्या वृत्तीवरून स्वयंपाकघरातील यच्चयावत पदार्थांची वर्गवारी करावयाची ठरविल्यास त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाणी, दूध, ताक, तेल अशा प्रवाही आणि म्हणूनच सरळमार्गी पदार्थांचा. ज्या भांड्यात ओतावे त्या भांड्याचा आकार निमूटपणे पत्करून, त्याचा कोनाकोपरा भरून काढून, वर आपला पृष्ठभाग सपाट ठेवून ते मोजणाऱ्याची वाट पाहत स्वस्थ बसतात. दुसरा वर्ग साखर, तांदूळ, रवा, डाळी या दाणेदार मंडळींचा. भांडे आपटले की ही मंडळी बोटभर खाली बसतात, शीग लावली की कडेवरून ओघळतात, परंतु त्यांच्या या खोड्या ठरावीक असल्यामुळे त्या गृहीत धरून त्यांच्याशी व्यवहार करता येतो. तिसरा वर्ग चिरलेल्या फळांचा. या वर्गाने कोणत्याही राजवटीत कोणत्याही मापाचा अंमल मनापासून मान्य केल्याचा दाखला निदान माझ्या पाहण्यात नाही.

ही बंडखोरी किती मूलगामी आहे ते एका उदाहरणाने ध्यानात येईल. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी भरले तर ते २०० ग्रॅम भरते, मग ती वाटी रत्नागिरीस भरलेली असो वा नागपुरास, सासूने भरलेली असो वा सुनेने. त्याच वाटीत साखर भरली तर ती १७० ग्रॅमच्या आसपास भरते आणि थोडीफार तफावत दाखवून गप्प बसते. परंतु त्याच वाटीत कैरीच्या फोडी भरून त्यांचे वजन विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी कैरी कोणत्या जातीची, फोडी कोणी केल्या, विळीने केल्या की सुरीने, करताना गप्पा रंगल्या होत्या की डोळा घड्याळाकडे होता, आणि वाटी भरल्यावर ती ओट्यावर आपटली की नाही, इतक्या मुद्द्यांवर साक्षीपुरावा घ्यावा लागतो. आणि एवढे करून जो निकाल लागतो तो त्या एका वाटीपुरताच लागू असतो.

हे प्रकरण आमच्या घरात दाखल झाले ते आमच्या पुतणीमुळे. लग्नानंतर न्यूजर्सीत स्थायिक झालेली ही मुलगी बुद्धीने तल्लख आणि व्यवसायाने आकड्यांशी बांधलेली असली तरी तिच्या जिभेने देशांतर केलेले नाही. त्यामुळे तेथील भारतीय किराण्याच्या दुकानात कैऱ्या दिसताच तिला काकूचा मुरांबा आठवावा, आणि आठवताच तिने आमच्याकडे किती वाजले असतील याचा विचार न करता फोन लावावा, यात नवल काहीच नव्हते. तिच्या ओट्यावर ग्रॅमचा दशांश दाखविणारा विजेचा काटा आहे. आमच्या सौभाग्यवतींची कृती मात्र एका वाक्यात आटोपणारी: एक वाटी फोडींना दीड वाटी साखर, दोन लवंगा, आणि वेलदोडे-केशर ऐपतीप्रमाणे. ‘ऐपतीप्रमाणे’ हे प्रमाण पुतणीने मुकाट्याने उतरवून घेतले. ती अडली ती वाटीपाशी.

“काकू, एक वाटी फोडी म्हणजे किती ग्रॅम गं?”

“कोणत्या वाटीने?”

“तुझ्या नेहमीच्या.”

“नेहमीच्या तर तीन आहेत. आमटीची, दह्याची आणि ती पोचा पडलेली.”

“मग मुरांब्याला कोणती घेतेस?”

“अगं, पोचा पडलेलीच. मापाची तीच.”

ही मापाची वाटी सौभाग्यवतींच्या लग्नात आहेर म्हणून आलेली आहे. तिच्या काठाखाली देणाऱ्याचे नाव आणि साल ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले असून नाव आता घासून पुसट झाले आहे, साल मात्र वाचता येते. पोचा कोणी पाडला याविषयी घरात दोन तट आहेत. परंतु त्या पोच्यामुळे वाटीत दोन चमचे कमी मावते, यावर दोन्ही तटांचे एकमत आहे. पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक ठोकळा जगातील यच्चयावत किलोंचा मूळपुरुष म्हणून १८८९ पासून काचेच्या झाकणांखाली कडीकुलपात जतन केलेला होता. त्याच्या आणि त्याच्या सरकारमान्य नकलांच्या वजनांत ग्रॅमच्या पन्नास दशलक्षांशाइतकी तफावत पडू लागल्याचे निदर्शनास येताच शास्त्रज्ञांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि अखेर २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्यास सन्मानपूर्वक सेवानिवृत्त करण्यात आले. आमची वाटी पोच्यासह अद्याप सेवेत आहे, आणि तिच्या नकला अस्तित्वात नसल्यामुळे तिच्याविरुद्ध पुरावा कोठून यावा, हाही प्रश्नच आहे.

वाटीचा असा बेभरवसा पाहून पुतणीने कपाचा आश्रय घेण्याचे ठरविले. पाश्चात्त्यांची मापे तरी प्रमाणबद्ध असतील, अशी तिची भाबडी समजूत होती. परंतु अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा आणि त्याच जपानात तांदूळ मोजावयाचा झाल्यास १८० चा. मोठा चमचा इतरत्र १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० चा. म्हणजे एका देशाच्या पाकपुस्तकावरून दुसऱ्या देशात स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीने प्रथम परराष्ट्रखात्याशी पत्रव्यवहार करावा, अशीच ही व्यवस्था. या गोंधळास शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर या बाईंनी केला. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकपुस्तकात त्यांनी ‘सपाट माप’ हा दंडक घालून दिला: कप किंवा चमचा भरावा, त्याच्या काठावरून सुरीची सपाट पाठ फिरवावी, आणि वर राहिलेली शीग निर्दयपणे उडवून लावावी. पिठाच्या आणि साखरेच्या बाबतीत हा दंडक कमालीचा यशस्वी झाला. परंतु कैरीच्या फोडींनी भरलेल्या वाटीवरून सुरीची पाठ फिरवून पाहणाऱ्यास असे आढळून येते की, वर आलेली फोड सुरीस दाद न देता शेजारणीस घेऊन जमिनीवर उडी टाकते, आणि तिच्या जागी पडलेल्या खड्ड्यात आणखी अर्धी फोड बसवावी की न बसवावी, याविषयी बोस्टनकर बाईंचा दंडकही काही मार्गदर्शन करीत नाही.

अमेरिकेच्या कृषिखात्याने मात्र या विषयात हात घातलेला आहे, आणि ज्या धैर्याने घातला आहे त्याचे कौतुक केलेच पाहिजे. या खात्याच्या तक्त्यात एक कप स्ट्रॉबेरीचे वजन दिले आहे, आणि ते एक नसून अनेक आहे. अख्ख्या स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम. दोन-दोन तुकडे केलेल्या १५२. चकत्या केलेल्या १६६. आणि वाटून लगदा केलेल्या २३२. कप तोच, फळ तेच, बदलला तो केवळ माणसाने त्यावर केलेला अत्याचार. जसजसा अत्याचार वाढत जातो तसतसे कपात मावणारे फळही वाढत जाते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीने हा तक्ता वाचलेला नसला तरी तिचे वर्तन याहून वेगळे असण्याचे कारण नाही. केळ्याचीही हीच कथा: एक कप चकत्या १५० ग्रॅम, आणि तेच केळे कुस्करले की २२५. शिकरण करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस हे सत्य तक्त्यावाचून अवगत असते. भांडेभर चकत्या हाताखालून गेल्या की भांडे एकाएकी मोठे वाटू लागते, आणि दूध वाढविण्यास सबब मिळते.

या साऱ्या तफावतीचे मूळ हवेत आहे. चिरलेल्या फळांनी भरलेल्या वाटीत फळ हे निमित्तमात्र असून, फोडीफोडींच्या सांदीकोपऱ्यांतून हवेने आपले ठाणे दिलेले असते. आणि ही हवा वाटीतील जागा अडवीत असली तरी काट्यावर मात्र आपली उपस्थिती लावीत नाही. सफरचंदाने तर या बाबतीत कळस केला आहे. त्याच्या फोडींच्या बाहेर हवा असतेच, परंतु त्याच्या गराच्या आतही आकारमानाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी हवा भरलेली असते. सफरचंद पाण्यावर तरंगते ते यामुळे, आणि एक कप फोडींचे वजन जेमतेम १२५ ग्रॅम भरते तेही यामुळे. बाजारातून अडीचशे रुपये किलोचे सफरचंद आणणाऱ्या गृहस्थाने या माहितीवर फार वेळ विचार करू नये.

भांड्यात वस्तू भरल्यावर हवेस किती जागा उरते, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो केप्लरसारख्या ज्योतिर्विदास पडलेला होता. ग्रहांच्या कक्षांचा हिशेब लावून मोकळ्या झालेल्या या पुरुषाने १६११ साली असे प्रतिपादन केले की, एकसारखे गोल जास्तीत जास्त दाटीने रचावयाचे झाल्यास ते बाजारात संत्र्यांचे मनोरे रचतात त्याच पद्धतीने रचावे लागतील, आणि त्याहून दाट रचना संभवत नाही. अशा रचनेत संत्री जागेचा सुमारे ७४ टक्के हिस्सा व्यापतात. तीच नुसती ओतली तर ६४ टक्क्यांच्या आसपास घोटाळतात. केप्लरचे हे म्हणणे गणिताने सिद्ध करण्यास १९९८ साल उजाडावे लागले, आणि तेही थॉमस हेल्स या गणितज्ञास संगणकाची मदत घेऊन. नागपूरच्या फळविक्रेत्यास हे रोज सकाळी, सिद्धतेवाचून, गिऱ्हाईक येण्यापूर्वी जमते, ही गोष्ट अलाहिदा. सांगावयाचा मुद्दा असा की, एकसारख्या, गुळगुळीत, संपूर्ण गोल अशा आदर्श वस्तूंच्या बाबतीत मनुष्यजातीस पावणेचारशेहून अधिक वर्षे लागली. मग एक बाजू सपाट, एक फुगीर, एक टोक निमुळते आणि एका कडेस बाठ्याची करवत लागलेली, अशा कैरीच्या फोडींच्या बाबतीत निकाल तातडीने लागावा, ही अपेक्षाच गैरवाजवी होय.

त्यातून फोड ही करणाऱ्याच्या स्वभावानुसार बदलते. सौभाग्यवतींची फोड पेराएवढी, चौकोनी आणि शिस्तीची. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंची फोड ऐसपैस, ‘शिजल्यावर आक्रसतेच’ या तत्त्वज्ञानावर आधारलेली. आणि शेजारच्या आजींची फोड, दृष्टी मंदावल्यामुळे, विळीच्या पात्यास जेथे कैरी सापडेल तेथे पडलेली. या तिघींनी भरलेल्या तीन वाट्यांचा मुरांबा चवीस वेगळा लागतो, आणि त्याचे श्रेय ज्याच्या-त्याच्या हाताच्या गुणाला दिले जाते. माझ्या मते त्यातील निदान निम्मे श्रेय हवेला दिले पाहिजे. परंतु हे मत मी तिघी एकत्र असताना मांडीत नाही.

वास्तविक, वजन आणि माप यांची हद्द आपल्याकडे पूर्वीपासून आखलेली आहे, आणि ती विळीवरून जाते. विळीच्या अलीकडे बाजार. तेथे तराजूचा अंमल. विळीच्या पलीकडे स्वयंपाकघर, तेथे वाटीचा. फळ या नाक्यावर वजनाने दाखल होते आणि मापाने बाहेर पडते, आणि दोहोंची रुजवात घालणारे दप्तर नाक्यावर ठेवलेले नसते. वैशाखात भाजीबाजाराच्या तोंडाशी, गोणपाट अंथरून, लाकडी ठोकळ्यावर जडविलेला भलामोठा अडकित्ता पुढ्यात घेऊन लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारा इसम बसतो. त्याच्याकडे बारकाईने पाहिल्यास या हद्दीचे मर्म कळते. तो कैऱ्या प्रथम अख्ख्याच तोलतो, फोडणावळ त्या वजनावर आकारतो, आणि मग एका हाताने कैरी सरकवीत दुसऱ्या हाताने अडकित्ता असा खालीवर चालवितो की बाठा कोयीसकट दुभंगतो आणि त्याची बोटे शाबूत राहतात. फोडलेल्या कैऱ्या त्यास कोणी परत तोलावयास सांगितल्या, तर तो त्या गिऱ्हाइकाकडे अशा दृष्टीने पाहतो की ते गिऱ्हाईक कोथिंबिरीच्या दिशेने चालू लागते. लोणच्याची प्रमाणे घरोघरी ‘किलोला इतके मीठ’ अशी वजनी असतात आणि मुरांब्याची वाटीत असतात, याचे रहस्य एवढेच की लोणच्याची कैरी बाजारात फुटते आणि मुरांब्याची घरात.

जुन्या काळी ही दोन राज्ये अधिक स्पष्टपणे विभक्त होती. शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी, आणि ते एकमेकांस ओळख दाखवीत नसत. मापी शेराचा परिवार मोठा: दोन निठव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि पुढे मण व खंडी. वजनी बाजूस तोळा, छटाक, पावशेर, अच्छेर. मण तर प्रांताप्रांतास वेगळा: मुंबईचा २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून किंचित अधिक, त्यामुळे मणभर दुःख म्हणजे नेमके किती, हे विचारणाऱ्याने प्रथम दुःखिताचा प्रांत विचारून घेणे इष्ट होते. फळांच्या वाटेस यांपैकी फारसे कोणी जात नसे. आंबे आणि केळी डझनावर, फणस नगावर, करवंदे पानाच्या द्रोणात, आणि बोरे मापट्याने. त्यातही बोरे विकणाऱ्या म्हातारीचे मापटे बाहेरून जेवढे खोल दिसे तेवढे आतून नसे. १९५६ च्या कायद्याने या साऱ्या पुराणवस्तूंवर गदा आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून बाजारात किलोचा शिरकाव झाला. किलो म्हणजे ऐंशी तोळ्यांचा शेर आणि वर सुमारे पावणेसहा तोळे, हे गणित घरोघरी पाठ झाले. दुकानदारांना ते उतरता भाव सांगताना विसरावयास आणि चढता भाव सांगताना आठवावयास शिकावे लागले. सरकारने बाजार असा पूर्णपणे जिंकला, परंतु विळीच्या पलीकडे त्याचा एकही वजनमापनिरीक्षक आजतागायत गेलेला नाही. आमच्या वाटीच्या बुडावर सरकारी शिक्का शोधू जाणाऱ्यास तेथे फक्त तळलेल्या मोहरीचा एक दाणा चिकटलेला आढळेल.

याहूनही मौजेची गोष्ट अशी की, आपल्या परंपरेत फळाने स्वतः मोजून घेण्यापेक्षा दुसऱ्यास मोजणे अधिक पसंत केलेले दिसते. चिंच घ्यावयाची ती लिंबाएवढी, गूळ सुपारीएवढा, लोणी आवळ्याएवढे, आणि औषधाची गोळी बोराएवढी. म्हणजे फळ हे मोजण्याचा विषय नसून मोजण्याचे साधन. ही प्रथा केवळ अडाणी आजीबाईंची नव्हे. शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या मानपरिभाषेत चार कर्षांच्या ‘पल’ या मानास ‘बिल्व’ आणि ‘आम्र’ अशीही नावे दिलेली आहेत, आणि त्यांच्याच जोडीला ‘मुष्टी’ हेही नाव आहे. म्हणजे बेलफळ, आंबा आणि मूठ ही तिन्ही एका पारड्यात बसविण्याइतके औदार्य शास्त्रकारांच्या ठायी होते. त्याच ग्रंथात चार अंगुळे रुंद आणि तितकेच खोल असे ‘कुडव’ नावाचे भांडेही सांगितले आहे, आणि मोठ्या मानांत द्रव व ओल्या द्रव्यांचे प्रमाण दुप्पट धरावे, असाही नियम आहे. ओली वस्तू आणि सुकी वस्तू एकाच मापात न्यायाने मावत नाहीत, ही जाणीव एवढी पुरातन आहे. फरक इतकाच की त्या काळी याबद्दल कोणी रात्री फोन करीत नसे.

आता मुरांब्याकडे वळू. एक वाटी फोडींना दीड वाटी साखर, या प्रमाणातील ‘वाटी’ काढून टाकून पुतणीने तेथे ‘१०० ग्रॅम’ बसविले असते, तर फोडी १०० आणि साखर १५० असा सुटसुटीत हिशेब झाला असता. आणि तो चुकीचा ठरला असता. कारण दीड वाटी साखर २५५ ग्रॅमच्या घरात जाते. पिकलेल्या आंब्याच्या फोडी अमेरिकेच्या तक्त्यानुसार कपास १६५ ग्रॅम, म्हणजे आपल्या वाटीस सुमारे १४० ग्रॅम. कैरीची फोड त्याहून ताठ आणि परस्परांना अंग चोरून बसणारी, त्यामुळे तिचे वजन याहून थोडे कमीच भरावयाचे. १४० धरले तरी साखर फोडींच्या पावणेदोनपटीहून अधिक होते. सौभाग्यवती तोंडाने ‘दीडपट’ म्हणतात आणि हाताने पावणेदोनपटीहून जास्त घालतात, यात लबाडी मुळीच नाही. मधली सारी तफावत हवेच्या नावे खर्ची पडलेली आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फोडीही वाटीने आणि साखरही त्याच वाटीने मोजली जाते, तेथे ही हवा हिशेबात गृहीत असते, आणि वाटी लहान की मोठी, पोचा पडलेली की धड, यास काडीचेही महत्त्व उरत नाही. वाटी हे मूळ माप नव्हेच. ते प्रमाण आहे. घोटाळा होतो तो अर्धा हिशेब वाटीत आणि अर्धा काट्यावर मांडला की.

तरीही वाटीत इतक्या गफलती संभवत असताना घरोघरचे मुरांबे बुरशीवाचून वर्षभर टिकतात कसे, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधताना मला पाश्चात्त्य आणि एतद्देशीय पाककलेतील एका मूलभूत भेदाचा उलगडा झाला. पाश्चात्त्य पाकक्रियेचा मुकुटमणी म्हणजे केक. तो भट्टीत गेला की दार बंद. आत काय चालले आहे ते दिसत नाही, दिसले तरी हस्तक्षेप करता येत नाही, आणि बाहेर येतो तो थेट निकाल घेऊनच. जेथे अपिलाची सोय नाही तेथे कागदपत्रे आधीच बिनचूक असावी लागतात, म्हणून तेथील गृहिणीस ग्रॅमचा आग्रह धरावा लागतो. आपला स्वयंपाक उघड्या पातेल्यात चालतो. तेथे प्रत्येक उकळीस फेरतपासणी आहे, प्रत्येक ढवळण्यास दुरुस्तीची संधी आहे, आणि पाणी अधिक झाल्यास ते आटविण्याचा अधिकार जाळास दिलेला आहे. मुरांब्यात साखर घालून ठेवली की फोडींतून पाणी सुटते, फोडी आक्रसतात, वाटीतील मूळची हवा केव्हाच परागंदा झालेली असते, आणि शेवटी पाकाचा एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये घेऊन सौभाग्यवती तो उजेडाकडे धरतात. दोन बोटे विलग होताना मधली तार जर तुटली नाही तर वाटी, विळी, जाऊबाई आणि कृषिखाते या सर्वांचे अपराध माफ. तुटली तर पातेले परत गॅसवर. टिकाऊपणास साखर किती लागते, याचे शास्त्र शेकडा ६५ च्या आसपास बोट ठेवते. तारेचे शास्त्रही, आकडा न उच्चारता, त्याच परिसरात येऊन थांबते.

हा सारा ऊहापोह मी पुतणीस सविस्तर लिहून कळविण्याच्या बेतात होतो. परंतु सौभाग्यवतींनी माझ्या हातून फोन काढून घेऊन तो दोन वाक्यांत आटोपला.

“हे बघ, कैऱ्या सोलून, बाठे काढून टाक आणि चिरायच्या आधी तो गर तोल. त्याच्या पावणेदोनपटीला थोडी वर साखर घाल, आणि एकदा चिरल्यावर मग मोजत बसूच नकोस.”

मला जे सांगावयास इतके परिच्छेद लागले ते अडकित्तेवाल्या इसमास आणि सौभाग्यवतींस आधीपासून ठाऊक होते, ही गोष्ट मी फारशी मनावर घेतली नाही. पुतणीने त्याप्रमाणे गर तोलला, साखर तोलली, दशांशचिन्हासह दोन्ही आकडे टिपून ठेवले, पातेले चढविले, आणि तिकडून पुन्हा फोन केला.

“काकू, सगळं अगदी बरोबर घेतलंय. आता मंद आचेवर किती मिनिटं ठेवू?”

“होईपर्यंत.”

“अगं, पण म्हणजे किती?”

“झाला की कळतं.”

वजनाचे प्रकरण अशा रीतीने निकालात निघाले. वेळेचे प्रकरण त्याच क्षणी दाखल झाले असून, ते अद्याप न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्यावर येथे अधिक भाष्य करणे प्रशस्त होणार नाही.